चार नंबरची खुर्ची

व्हायोलिनच्या आधी खुर्ची ऐकू आली आणि तिथेच तिचं लक्ष उडालं. रेडिओच्या वाद्यवृंदात माणूस घ्यायचा असला की उमेदवार खालच्या मजल्यावरच्या स्टुडिओत एकटा बसतो, परीक्षक वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत, आणि दोघांच्या मध्ये एक माइक आणि एक स्पीकर, एवढंच. उमेदवाराला नाव नसतं, नंबर असतो. त्याने आत गेल्यावर चकार शब्द काढायचा नाही, घसासुद्धा खाकरायचा नाही, म्हणजे वर बसलेल्यांना तो कोण, कुणाचा, काही कळायला नको. या देशात स्वच्छ अशी एकच खोली आहे आणि ती ही, असं ती वर्षानुवर्षं मानत आली होती. ती स्वतः ऐन तरुणपणी खालच्या त्या स्टुडिओत बसली होती, आईच्या माहेरचं आडनाव लावून, आणि निवडली गेली होती. आता ती व्हायोलिनवाल्यांची प्रमुख होती, आणि प्रमुख म्हणून आज पहिल्यांदाच वर बसली होती, चेपलेल्या उशीच्या खुर्चीवर, एका बाजूला म्हातारा बासरीवाला, दुसऱ्या बाजूला कार्यक्रम अधिकारी. लाल दिवा लागला की मग माइक सुरू होतो अशी तिची समजूत होती. तसं काही नव्हतं. माइक सकाळपासून चालूच होता. कोण उठून बंद करणार? दार उघडल्याचा आवाज, बुटांचा आवाज, कुणी बोटं मोडतंय, कुणी नाक ओढतंय, सगळं बिनदिक्कत वर येत होतं.

चार नंबरच्या वेळी पावलं दोघांची आली. एक जड, भराभर चालणारं. दुसरं मागून, घासत. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, परत सरकवल्याचा, आणि जड पावलं निघून गेली. बासरीवाला डोळे मिटून ऐकत होता. तो पुटपुटला, "चार नंबरबरोबर कुणीतरी आलंय. खुर्ची लावून देऊन गेलं." मग तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसला. "खुर्चीवरूनच माणूस कळतो हो. तुमची तर मी झोपेतसुद्धा ओळखीन."

अधिकारीही हसला. तीही हसली असावी. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कारण तिला निवडणाऱ्या तिघांपैकी आता हा एकटाच उरला होता. ओळखीन म्हणाला, की ओळखली होती असं त्याला म्हणायचं होतं? खाली चार नंबर वाजवायला लागला होता, आणि तिच्या कानात त्याचा एक सूर शिरत नव्हता. संपल्यावर बासरीवाल्याने आणि अधिकाऱ्याने आपापले गुण लिहून टाकले. तिने पेन उचललं, ठेवलं. डोकं दुखतंय म्हणाली, बाकीच्यांचे देते, या चौथ्याचे उद्या सकाळी देते. "द्या की सावकाश," बासरीवाला म्हणाला, आणि त्या सावकाश म्हणण्यातसुद्धा तिला काहीतरी दडलेलं वाटलं.

जिना उतरताना ती विचार करत होती की चार नंबर कुणाचा असेल. कुणाचा तरी असणारच. खुर्ची लावायला माणूस येतो म्हणजे घरात फोन उचलायलाही माणूस असणार, दार उघडायलाही. ही पावलं तिला चांगली ठाऊक होती. तिचं सगळं बालपण अशा पावलांच्या आवाजात गेलं होतं. तिला स्वतःच्या शाळेचा हॉल आठवला, वक्तृत्वाचं बक्षीस आठवलं. भाषण करताना ती मध्येच विसरली होती, चांगलं लक्षात राहण्याइतकी विसरली होती, आणि तरी पहिली आली होती. बाई तिला कप देताना तिच्याकडे बघतच नव्हत्या, मागे उभ्या असलेल्या फोटोग्राफरकडे बघत होत्या. दुसरी आलेली मुलगी मात्र तिच्याकडे बघत होती. तो कप तिने घरी नेऊन आईच्या साड्यांखाली लपवला, तर दुसऱ्या दिवशी तो दिवाणखान्यात, बाबांच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा. बाबा म्हणजे सगळ्यांचे साहेब. आईसुद्धा त्यांना चारचौघांत साहेब म्हणायची, आणि पुढे पुढे तर चारचौघं नसतानाही. वशिल्याचं तट्टू हा शब्द तिने पहिल्यांदा मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी ऐकला. अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

खाली दारातल्या पायऱ्यांवर एक मुलगी बसली होती. मांडीवर व्हायोलिनची पेटी, आणि एक पाय सरळ पुढे टाकलेला, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये. स्टुडिओतला कामगार तिच्यासाठी टॅक्सी बघायला रस्त्यापर्यंत गेला होता. त्याचे बूट जड होते. तो परत आला, वाकला, तिची पेटी घेतली, आणि तिला म्हणाला की आत जरा बुटकी खुर्ची लावायला हवी होती, पाय लोंबकळून दुखला असेल. म्हणजे चार नंबर ही, आणि खुर्ची लावणारा हा. दुसरं कुणी नव्हतंच. कुणीही शहाण्या माणसाने इथे सुटकेचा श्वास सोडला असता. तिच्या मनात मात्र पहिल्यांदा आलं ते हे की प्लास्टर खरं असेल का. दुसऱ्यांदा आलं ते हे की आपण आता पार कामातून गेलो आहोत. आणि तिसऱ्यांदा पुन्हा प्लास्टरच.

मुलगी तिच्याकडे बघून ओळखीचं हसली नाही. ओळखत नसावी. किंवा ओळखत असून तसं दाखवत नसावी, ज्यांना कुणी शिकवून पाठवलेलं असतं ती माणसं तसंच वागतात. ती मुलीच्या बाजूने निघून गेली आणि रस्त्याच्या कडेने चालू लागली. गाडी आणली नव्हती. गाड्यांचा तिला कंटाळा होता. मागच्या सीटवर बसलं की आपण लहान होतो असं तिला वाटे. दुकानांच्या काचांतून तिचा चेहरा तिच्याबरोबर चालत होता. नाक बाबांचं. त्या नाकावर पेपरवाल्यांनी एकेकाळी पोट भरलं होतं. आणि खुर्चीवर. एका सभेत व्यासपीठावरच्या खुर्चीखाली काहीतरी ठेवलेलं होतं आणि ते फुटलं. बाबांच्या ऐवजी त्या खुर्चीवर त्यांचा जुना मित्र बसला होता, पाय लांब करता यावेत म्हणून त्याने जागा बदलून मागितली होती. त्यानंतर घरातलं कुणीही, कुठेही, खुर्ची तपासल्याशिवाय बसलं नाही. तपासायचं काम संरक्षणाच्या माणसाकडे होतं. साहेब त्याला सावली म्हणत, म्हणून ती सावलीकाका म्हणायची. शाळेत, दवाखान्यात, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, तो आधी आत जायचा, पाठीला धरून खुर्ची मागे कलती करायचा, खाली नजर टाकायचा आणि सोडून द्यायचा. पुढचे पाय जमिनीवर आपटायचे. ठक्. त्या आवाजानंतर बसायचं. पेपरात व्यंगचित्र आलं होतं, साहेब खुर्ची उचलून खाली विरोधी पक्षाला शोधताहेत असं. सगळा देश हसला. शाळेतली मुलं तिच्यासमोर खुर्च्या आपटून दाखवायची. रडू यायचं तिला, पण ती रडली नाही. घरी येऊन व्हायोलिन वाजवलं. व्हायोलिनची शिकवणी तेवढी उभ्याने असायची.

म्हणून त्या दिवशी, ऑडिशनच्या दिवशी, तिने सावलीकाकांना गाडीपाशीच थांबायला लावलं होतं. आत आलात तर मी परत घरी पाऊल टाकणार नाही, असं काहीतरी बोलली होती. तेव्हा ती तसं सहज बोलायची. तिला आठवत होतं ते सगळं आठवून झालं होतं, इतक्यांदा की आता त्या आठवणीला स्वतःचा रंग उरला नव्हता. लांबट स्टुडिओ. भिंतींना भोकांच्या पट्ट्या. मध्ये एक लाकडी खुर्ची. मग ती बसली. मग लाल दिवा लागायला बराच वेळ लागला. परीक्षक स्थिरस्थावर होत असतील असं तिने तेव्हा धरलं होतं. आता चालता चालता ती रस्त्यातच थांबली. माइक चालू होता. सावलीकाका हट्टी माणूस. तिच्या आधी दुसऱ्या दाराने जाऊन त्यांनी खुर्ची तपासली असेल तर? तो ठक् आवाज वर गेला असेल. तो आवाज व्यंगचित्रात पाहून, नकला ऐकून सगळ्या देशाला पाठ होता. तिघे एकमेकांकडे बघत असतील. साहेबांची मुलगी. आणि म्हणून दिवा उशिरा लागला असेल.

सरकार दोनदा बदललं, बाबा पडले, परत उभे राहिले नाहीत, शेवटी गेलेसुद्धा, आणि तिची जागा राहिली. याला ती पुरावा म्हणायची. कुणी मला काढलं नाही, म्हणजे मी माझ्या हातांनी टिकले. तिचा नवरा, दातांचा डॉक्टर, एकदा जेवताना सहज म्हणाला होता की काढण्याइतकं महत्त्व तरी कुणी द्यायला हवं ना. गंमत केली होती त्याने. तिला ती गंमत झोंबली आणि मग तिने त्याच्या गमतींचे धागेदोरे शोधायला घेतले. त्याला दवाखान्याला जागा कशी मिळाली, कुणी मिळवून दिली, लग्नाआधी की नंतर. त्याचे मित्र कोण. तो कुणाला फोन करतो. नळाला पाणी यायला जरा वेळ लागला तरी कुठेतरी मुरतंय असं म्हणणारी ती बाई. त्याने बरीच वर्षं सहन केलं. जाताना तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "तू मला रोज दारात उभं करून झडती घेतेस," तो म्हणाला होता. "मला एकदा नुसतं आत यायचं होतं." तो गेल्यावर तिला खूप वाईट वाटलं, अगदी गुडघ्यात डोकं घालून रडण्याइतकं, आणि तरी त्याचं ते वाक्य त्याने आधी कुणापुढे म्हणून बघितलं असेल का, हेही मनात आलंच.

बासरीवाल्यालाच सरळ विचारता आलं असतं. पण तो हो म्हणाला असता तर? आणि नाही म्हणाला असता तर ते तरी कशावरून खरं? सावलीकाकांचा पत्ता तिच्याकडे होता. त्यांच्या सुनेने बाबा गेले तेव्हा निरोप पाठवला होता, सासऱ्यांना प्रवास झेपत नाही म्हणून येता आलं नाही, असा. तिने टॅक्सी थांबवली.

घर एका इमारतीच्या मागच्या बाजूला होतं. सुनेने दार उघडलं, तिला ओळखलं, गडबडली, आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवून चहा ठेवायला गेली. सावलीकाका पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. एवढा मोठा माणूस वाळून लहान झाला होता, हातच तेवढे पूर्वीचे राहिले होते. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत होती, म्हणून ती खिडकीशी उभी राहिली. उठायचा प्रयत्न करू नका म्हणाली. ते उठत नव्हतेच. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गुडघे, डोळ्यांचं ऑपरेशन, नातू फार फोनवर असतो वगैरे. साहेबांच्या आठवणी त्यांनी तीन-चार सांगितल्या, त्यातल्या दोन दुसऱ्याच कुणाच्या तरी होत्या. तिने खडा टाकून पाहायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"काका, मी रेडिओत परीक्षेला गेले होते त्या दिवशी तुम्ही आत आला होतात?"

"तुम्ही नको म्हणालात ना?"

"हो. पण आला होतात का?"

"मग कसा येईन? गाडीपाशी होतो. शेंगा घेतल्या, खाल्ल्या. ड्रायव्हर झोपला होता, त्याला उठवला."

"बाबांनी सांगितलं असतं तर आला असतात."

"साहेबांनी सांगितलं असतं तर आलो असतो," ते म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, तिच्या लहानपणी ती गाडीत ओकली की पाहायचे तसं. "पण साहेबांना तुमची परीक्षा होती हे माहीतच नव्हतं, ताई. तुमचं त्यांना काय माहीत असायचं?"

सुटले, असं तिला वाटायला हवं होतं. आयुष्यभर ज्या हाताला ती घाबरत होती तो हात तिथे नव्हताच. पण तिला जे वाटलं ते दुःख होतं, साधं, लहान मुलीचं. निवड झाल्याचं तिने जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं तेव्हा बाबा म्हणाले होते, "हो का? वा," आणि आईकडे बघितलं होतं. ती नजर तिने किती उलटसुलट करून पाहिली होती. त्या नजरेत बाबांनी लावलेले फोन दिसले होते तिला, पाठवलेले निरोप, शब्द टाकलेले लोक. आणि ती नजर फक्त विचारत होती की ही कशाबद्दल बोलतेय. तिने ओठ चावला. तेवढ्यात मनाने आपलं नेहमीचं काम सुरू केलंच होतं: म्हातारा आपली समजूत काढत असेल. मालकाचं नाव राखायची सवय अशी मरत नाही.

"तुम्ही माझे इतके कार्यक्रम पाहिलेत," ती म्हणाली. "खरं सांगा, मी बरी वाजवते का?"

ते विचारात पडले. खोटं बोलायचं असतं तर इतका वेळ लागला नसता, हे तिच्याही लक्षात आलं. "ऐकलं नाही हो कधी," ते शेवटी म्हणाले. "माझी तुमच्याकडे पाठ असायची. लोकांकडे तोंड. टाळ्या वाजल्या की मी हात बघायचो, कुणाचा हात खिशात आहे का ते. टाळ्या पुष्कळ व्हायच्या, एवढं सांगतो."

सून चहा घेऊन आली, कप पलंगाच्या कडेला ठेवले, खुर्चीवरचे कपडे उचलून छातीशी धरले आणि बसा ना म्हणाली. खरंच पाय दुखत होते. ती खिडकीपासून पुढे आली, खुर्ची पाठीला धरून मागे कलती केली, खाली पाहिलं आणि सोडून दिली.

ठक्.

"बसा ताई," सावलीकाका म्हणाले. "खाली काही नाही."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं आणि चहाचा कप उचलला. सून कपडे घेऊन गेली. ती मात्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. तो हात तिचाच होता. तालमीच्या हॉलमध्ये ती आली की पाठमोरा चेलोवाला मान न वळवता "आल्या बाई" म्हणायचा, नव्या मुली त्यावर खुसखुसायच्या, आणि तिने त्या चेलोवाल्याचाही माग काढला होता, हा कुणाला आपली खबर देतो म्हणून. लग्नात, कोर्टात वकिलापुढे, बाबा गेले त्या दिवशी दवाखान्यात, सगळीकडे हाच ठक्. आणि त्या लांबट स्टुडिओत, भोकांच्या पट्ट्यांमध्ये, एकच लाकडी खुर्ची. दुसरं कुणी आलं नव्हतं. येण्याची गरज नव्हती. तिने आईचं आडनाव लावलं होतं, काकांना बाहेर ठेवलं होतं, घसा खाकरला नव्हता, श्वास जपून घेतला होता, आणि बसण्याआधी स्वतःच्या हाताने वर सांगून टाकलं होतं की मी अमक्याची मुलगी.

तिला मोठ्याने हसावंसं वाटलं आणि हसू आलं नाही. त्या तिघांनी ठक् ऐकलं, एवढं आता नक्की झालं होतं. त्यानंतर त्यांनी व्हायोलिन ऐकलं की नाही, हे कुठेही जाऊन कळण्यासारखं नव्हतं. बासरीवाल्याला विचारलं तरी नाही. त्यालाही ते आता ठाऊक असेल असं नाही. माणसाने एकदा खुर्ची ऐकली की पुढचं तो कशाने ऐकतो? आणि हे विचारताना तिला चार नंबर आठवला. म्हणजे आठवायचा तिने प्रयत्न केला. सुरुवात संथ होती की जलद? मधल्या अवघड जागी हात डगमगला का? गज जड होता का हलका? काही नाही. जड पावलं आठवत होती, घासत येणारा पाय आठवत होता, खुर्ची दोनदा सरकली होती तेही आठवत होतं. वाजवलेलं एवढंसंही आठवत नव्हतं. पायऱ्यांवरची ती मुलगी, पाय लांब करून, पेटी मांडीवर धरून, घरी जाऊन सांगत असेल की बरं झालं, कुणी ओळखलं नाही.

तिने पर्समधून फोन काढला आणि बासरीवाल्याला लावला. त्याने उचलायला वेळ घेतला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. डोकं दुखायचं थांबलं का, त्याने विचारलं. तिने म्हटलं की चार नंबरला उद्या सकाळी परत बोलवायला सांगा अधिकाऱ्यांना, नियमात बसत नसेल तर मी लिहून देते, चूक माझी आहे म्हणून, आणि माइक लाल दिव्याच्या आधी बंद ठेवायला सांगा. तो जरा गप्प राहिला. गप्प का राहिला, हा प्रश्न तिच्या मनात उगवला. तिने त्याला उगवू दिलं आणि वाट पाहिली.

"सगळं ऐकलं की आपण," तो म्हणाला. "तुमचं काय राहिलं ऐकायचं?"

"व्हायोलिन," ती म्हणाली, आणि त्या खुर्चीवर बसली.